निर्वात कुपीतील जीव : जिवाणूंचे शीतशुष्कन आणि हवेचा घातक स्पर्श – एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लसीची काचेची कुपी फोडताना परिचारिका तिच्या मानेभोवती प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा गुंडाळतात. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रस्तुत लेखकाने यामागील कारण विचारले असता, "नाहीतर आतली पूड उडून जाते, सर" असे सरळ उत्तर मिळाले. कुपी वितळवून बंद करण्यापूर्वी तिच्यातील हवा काढून टाकलेली असते. काच तुटताच बाहेरची हवा वेगाने आत शिरते आणि पांढरी पूड उधळली जाते. ही पूड म्हणजे लक्षावधी जिवंत जिवाणू होत. त्यात सलाईन मिसळल्यावर लस चार तासांच्या आत वापरावी लागते आणि उरलेली फेकून द्यावी लागते.

हवा काढून घेतलेल्या काचेत वर्ष-दोन वर्षे टिकणारा हा जीव काच फुटताच तासांच्या हिशेबात मोजला जातो, ही बाब इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारी आहे. जिवाणूला गोठवून, निर्वातात वाळवून टिकवता येते हे माणसाला केव्हा व कसे कळले? वाळलेल्या जिवाणूला हवेतील प्राणवायू मारतो हे कोणी शोधले? आणि या शोधाची गरज नेमकी कोणाला होती? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे विज्ञानाची पाठ्यपुस्तके सहसा वळत नाहीत. म्हणून त्यावर येथे अधिक भर दिला आहे.

'फ्रीज ड्रायिंग' या प्रक्रियेसाठी लेखात 'शीतशुष्कन' ही संज्ञा योजली आहे. पदार्थ प्रथम गोठवायचा, नंतर निर्वातात ठेवून त्यातील बर्फाचे पाणी होऊ न देता थेट वाफ करायची, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. कापूर जसा वितळल्याविना उडून जातो तसेच येथे बर्फ उडून जाते. यालाच संप्लवन म्हणतात. पाण्याच्या बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४.६ मिलिमीटरच्या खाली असल्याशिवाय हे घडत नाही. चांगल्या निर्वात पंपाविना हे तंत्र संभवतच नाही, ही गोष्ट पुढील कालक्रम समजण्यासाठी लक्षात ठेवावी लागेल.

पाश्चर आणि प्राणवायूवरील पहिला आरोप

हवेशिवाय जगणारे सूक्ष्मजीव असतात आणि हवा त्यांना मारक ठरते, हे लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये ब्युटिरिक आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करताना दाखवून दिले. तोपर्यंत 'प्राणवायू' हा शब्द नावाप्रमाणे प्राणाशीच जोडलेला होता. जीवनाला आवश्यक असा हा वायू काही जीवांचा काळ आहे, ही कल्पना त्या काळात धक्कादायक होती.

पुढे १८८० मध्ये कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करताना पाश्चर यांना दिसून आले की, अनेक आठवडे तसेच पडून राहिलेले संवर्ध कोंबड्यांना आजारी पाडतात, परंतु मारत नाहीत, आणि अशा कोंबड्या पुढील जहाल मात्राही सोसतात. याचे कारण शोधताना त्यांनी काही संवर्ध हवेशी संपर्क राहील असे ठेवले, तर काही काचेच्या बंद नळ्यांत ठेवले. बंद नळ्यांतील जिवाणूंची जहालता कित्येक महिन्यांनंतरही कायम राहिली, हवेतील मात्र क्षीण झाली. जहालता कमी करणारा घटक हवेतील प्राणवायू हाच होय, असा निष्कर्ष त्यांनी १८८० च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला. प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर तयार केलेल्या क्षीण जिवाणूंच्या लसीचे युग येथून सुरू झाले असे मानले जाते.

येथवरची हकीकत सर्वपरिचित आहे. तिची दुसरी बाजू मात्र आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. मे-जून १८८१ मध्ये पुई-ल-फोर येथे पाश्चर यांनी मेंढ्यांवरील अँथ्रॅक्स लसीचा जाहीर प्रयोग केला आणि तो कमालीचा यशस्वी झाला. लस टोचलेली जनावरे वाचली आणि न टोचलेल्या मेंढ्या पत्रकार व शेतकऱ्यांच्या देखत मेल्या. ही लस प्राणवायूने क्षीण केलेली आहे असाच सर्वांचा समज झाला आणि पाश्चर यांनी तो दूर केला नाही. त्यांच्या प्रयोगवह्या दीर्घकाळ कुटुंबाच्या ताब्यात होत्या. त्या संशोधकांसाठी खुल्या झाल्यावर वेगळेच सत्य पुढे आले. त्या दिवशी वापरलेली लस त्यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली होती. जेराल्ड गायसन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रकरणाची सविस्तर चर्चा केली असून त्यावर बराच वादही झाला. पाश्चर खोटे बोलले की केवळ मौन पाळले, हा प्रश्न येथे सोडवायचा नाही. लक्षात घ्यायचे ते हे की, प्राणवायू या घटकाला त्या काळात सैद्धांतिक प्रतिष्ठा लाभली होती आणि रसायनाने मारलेल्या वा अर्धमेल्या लसीपेक्षा हवेने निवळलेली लस पाश्चर यांच्या एकूण विचाराला अधिक जवळची होती.

पाश्चर यांच्या या कामापासून थेट १९६१ च्या संशोधनापर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. पाश्चर यांचे जिवाणू ओल्या रसात होते आणि त्यांच्यावर हवेचा परिणाम होण्यास आठवडे-महिने लागत. वाळलेल्या पेशीवर होणारा प्राणवायूचा आघात ही वेगळी घटना आहे. तिचा वेग वेगळा आणि कारणेही वेगळी. 'हवा जिवाणूंना मारते' हे एकच वाक्य दोन शतकांत दोन वेगळ्या अर्थांनी उच्चारले गेले, एवढेच काय ते साम्य.

धूळ की तुषार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाळलेल्या जिवाणूंचा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर, रस्त्यावर आला. क्षयरोग्याची थुंकी वाळून तिची धूळ होते व तीच रोग पसरवते, असे बर्लिनमध्ये गेओर्ग कॉर्नेट यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. त्यानंतर १८९७ च्या सुमारास कार्ल फ्ल्यूगं यांनी खोकताना-बोलताना उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांना दोष दिला. 'येथे थुंकू नये' ही पाटी आपल्या एस. टी. स्थानकांवर आजही दिसते. तिचे एक मूळ कॉर्नेट यांच्या धुळीच्या सिद्धांतापर्यंत जाते. या वादात दोन्ही पक्षांना एका माहितीची गरज होती, ती म्हणजे वाळलेला जिवाणू हवेत किती काळ जगतो. तिचे समाधानकारक उत्तर त्या पिढीला देता आले नाही, कारण 'वाळणे' ही क्रियाच तिच्या हाती नियंत्रित नव्हती. ऊन, उष्णता, आर्द्रता आणि हवा यांचे परिणाम एकमेकांत मिसळून गेलेले होते.

बर्फातून थेट वाफ

ते नियंत्रण शीतशुष्कनाने दिले. लायपझिग येथील शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड आल्टमान यांनी १८९० मध्ये ऊतींचे तुकडे गोठवून निर्वातात वाळवले होते. तथापि त्यांचा हेतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा होता, टिकवण्याचा नव्हे. सेंट लुईस येथील एल. एफ. शॅकेल यांनी १९०९ मध्ये मीठ-बर्फाच्या मिश्रणात पदार्थ गोठवून, निर्वात पात्रात सल्फ्युरिक आम्लाला बाष्प शोषू देऊन अशी शुष्कनाची व्यवस्था वर्णन केली. दोनच वर्षांत, १९११ मध्ये, बी. डब्ल्यू. हॅमर यांनी ती जिवाणूंवर वापरून पाहिली आणि नुसते हवेत वाळवलेल्या जिवाणूंपेक्षा हे जिवाणू अधिक काळ जगतात असे नोंदवले. अमेरिकेच्या कृषी खात्यातील एल. ए. रॉजर्स यांनी १९१४ मध्ये विरजणाच्या, म्हणजे दुग्धाम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची कोरडी पूड बनवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. साठवणुकीत निर्वात हवेपेक्षा बरा, हे त्यांच्याही लक्षात आले. दह्याच्या कवडीतले विरजण दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रियांपुढे जो प्रश्न रोज असतो, तोच प्रश्न येथे लोण्याच्या कारखान्यांच्या मापाने विचारला गेला होता.

रॉकफेलर संस्थेतील होमर स्विफ्ट यांनी १९२१ मध्ये या पद्धतीचा उपयोग प्रयोगशाळेतील संवर्ध जतन करण्यासाठी केला. असे असूनही तंत्राचा प्रसार झाला नाही. कारण साधे होते. यंत्रसामग्री नाजूक, पंप महाग आणि एका वेळी हाती येणारे नमुने मोजकेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी १९३५ मध्ये अनेक कुप्या एकाच वेळी वाळवून निर्वातातच बंद करता येतील असे उपकरण वर्णन केले आणि वाळलेल्या पदार्थाच्या पाणी चटकन शोषून घेण्याच्या गुणावरून त्यास 'लायोफाइल' हे नाव दिले. 'लायोफिलायझेशन' ही आज रूढ असलेली संज्ञा त्यातूनच आली. त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव वाळवून रणभूमीवर पाठवण्याची निकड निर्माण झाली आणि जे तंत्र पंचवीस-तीस वर्षे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात होते ते चारपाच वर्षांत कारखान्यात गेले.

केंब्रिज येथील आर. आय. एन. ग्रीव्ह्ज हे युद्धकाळात रक्तद्रव वाळवण्याच्या कामाशीच निगडित होते. आर. एम. फ्राय यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या विषयातील मैलाचा दगड मानावा लागेल. जिवाणू जितका अधिक वाळवावा तितका तो अधिक टिकेल असा सर्वसाधारण समज होता. फ्राय व ग्रीव्ह्ज यांनी तो खोडून काढला. अतिशुष्कन घातक असते, थोडा ओलावा राहिलाच पाहिजे आणि तो राखण्याचे काम ग्लुकोज करते, असे त्यांनी दाखवले. त्यांनी सुचवलेले मिश्रण असे होते : तीन भाग रक्तजल, एक भाग मांसरस आणि त्यात साडेसात टक्के ग्लुकोज. या निबंधाचे वाचन करताना एक गोष्ट विशेष जाणवते. लेखकांची भाषा सिद्धांताची नसून स्वयंपाकघरातील अनुभवाची आहे : हे घातले तर टिकते, ते घातले तर मरते. 'का' या प्रश्नाला हात घालण्याची वेळ अजून आलेली नव्हती.

लाल जिवाणूची साक्ष

'का' या प्रश्नाचे उत्तर ज्या जिवाणूच्या साहाय्याने मुख्यत्वे शोधले गेले तो म्हणजे सेराशिया मार्सेसेन्स. याच्या वसाहती रक्तासारख्या लाल असतात. इटलीतील पादुआ परिसरात १८१९ मध्ये मक्याच्या शिजवलेल्या पिठावर रक्ताचे डाग पडल्याने गावकऱ्यांत घबराट उडाली. बार्तोलोमेओ बिझिओ यांनी हा चमत्कार नसून सूक्ष्मजीवाची करणी असल्याचे सिद्ध केले आणि त्यास नाव दिले. मध्ययुगीन युरोपातील रक्ताळलेल्या प्रसादभाकरीच्या चमत्कारांमागेही हाच जीव असावा असे अनेक अभ्यासक मानतात.

विसाव्या शतकात त्याला वेगळ्याच कारणाने महत्त्व आले. लाल रंगामुळे तो हवेतून कोठवर गेला हे सहज ओळखता येई आणि त्या काळी तो निरुपद्रवी समजला जाई. त्यामुळे जैविक अस्त्रांच्या चाचणीत खऱ्या रोगजंतूऐवजी त्याला उडवता येत असे. अमेरिकेने १९४३ मध्ये मेरीलँड राज्यात कॅम्प डेट्रिक येथे जैविक युद्धाचे संशोधन केंद्र उभारले. तेथील एच. बी. नेलर व पी. ए. स्मिथ यांनी १९४६ मध्ये सेराशियाच्या शुष्कन व साठवणुकीतील जीवितत्वावर निबंध प्रसिद्ध केला. डेक्स्ट्रिन, ॲस्कॉर्बिक आम्ल, थायोयुरिया आणि अमोनियम क्लोराईड यांचे त्यांचे संरक्षक मिश्रण पुढे 'नेलर-स्मिथ द्रावण' म्हणून ओळखले जाऊ लागले. या चौकडीतील ॲस्कॉर्बिक आम्ल आणि थायोयुरिया ही ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये आहेत. प्राणवायूवरील आरोपपत्र अशा रीतीने सिद्धांत म्हणून मांडले जाण्यापूर्वीच पाककृतीत उतरले होते.

सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावरून सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दिशेने सेराशियाचे ढग सोडण्यात आले. शहरातील नागरिकांना याची कल्पना देण्यात आली नव्हती. त्याच सुमारास तेथील एका रुग्णालयात अकरा रुग्णांत सेराशियाचा दुर्मीळ संसर्ग आढळला आणि त्यांपैकी एक दगावला. या दोन घटनांतील कार्यकारणसंबंध न्यायालयात सिद्ध झाला नाही. परंतु चाचणीची वार्ता जनतेला कळण्यास १९७६ साल उजाडावे लागले, हे तथ्य निर्विवाद आहे.

वर्ष १९६१ या संशोधनात निर्णायक ठरले. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील कृषी संशोधन प्रयोगशाळेत आर. जी. बेनेडिक्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतशुष्क सेराशियावरील प्राणवायूच्या संहारक क्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. याच गटाने आपल्या कामात नेलर-स्मिथ द्रावण नावानिशी वापरले होते. लष्करी केंद्रातील कृती अशी शेतकी प्रयोगशाळेत पोहोचली. इस्रायलमधील एम. बी. लायन आणि ई. डी. बर्गमान यांनी त्याच वर्षी एश्चेरिशिया कोलाय या आतड्यातील जिवाणूवर प्रयोग केले. शीतशुष्क पेशी निर्वातात जिवंत राहत, कोरड्या प्राणवायूच्या संपर्कात येताच त्यांची जगण्याची क्षमता झपाट्याने घटे. एरवी हा जिवाणू हवेत सुखाने वाढतो. त्याच पेशीतील पाणी काढून घेताच तिला तीच हवा विषासमान होते, हा या प्रयोगांचा गाभा होय. येथे हेही नमूद करणे आवश्यक आहे की, बर्गमान हे इस्रायलच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. या क्षेत्रातील नावे वाचताना संरक्षण खात्याची सावली कोठेतरी पडलेली दिसतेच.

त्याच वर्षी 'नेचर' या साप्ताहिकात याविषयी दोन टिपणे आली. एकात लायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूच्या संपर्कातील कोरड्या पेशींत इलेक्ट्रॉन-फिरकी अनुस्पंदनाचे संकेत मिळाल्याचे कळवले, तर दुसऱ्यात कॅलिफोर्नियातील डिमिक, हेकली व हॉलिस यांनी साठवलेल्या सेराशियात मुक्त मूलक तयार होत असल्याचे नोंदवले. मुक्त मूलक म्हणजे जोडीविना उरलेला इलेक्ट्रॉन असलेला, त्यामुळे अत्यंत क्रियाशील असा रेणू वा त्याचा अंश. ओल्या पेशीत असे घटक निष्प्रभ करणारी विकरे सतत कार्यरत असतात. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्यांपैकी एका महत्त्वाच्या विकराचा, सुपरऑक्साईड डिसम्युटेजचा, शोध प्रसिद्ध केला. कोरड्या पेशीत विकरे असतात, पण पाण्याअभावी ती निष्क्रिय असतात. घरात पहारेकरी आहेत, परंतु सारे झोपलेले आहेत, अशी ही अवस्था होय. मूलक हे मृत्यूचे कारण की केवळ मृत्यूची खूण, याविषयी स्वतः हेकली यांच्या गटानेच पुढे शंका उपस्थित केल्या. मूलकांचे प्रमाण व जिवाणूंचा मृत्यू यांचे गणित प्रत्येक वेळी जुळत नव्हते. ही प्रामाणिकता नोंद घेण्याजोगी आहे.

कोळ्याच्या धाग्यावर

हवेच्या घातकतेचा आणखी एक, काहीसा विस्मृतीत गेलेला अध्याय इंग्लंडमधील पोर्टन डाऊन या लष्करी संशोधन केंद्रात लिहिला गेला. हवेत तरंगणाऱ्या जिवाणूचा दीर्घकाळ अभ्यास करायचा तर तो एका जागी धरून ठेवला पाहिजे, आणि तरीही तो जणू तरंगतच असला पाहिजे. के. आर. मे आणि एच. ए. ड्रूएट यांनी यावर काढलेली युक्ती अशी : कोळ्याकडून काढलेला धागा चौकटीवर गुंडाळून त्यावर जिवाणूंचे तुषार बसवायचे आणि ती चौकट हव्या त्या हवेत ठेवायची. १९६८ मध्ये त्यांनी जाहीर केले की, रात्रीच्या अंधारातही मोकळ्या ग्रामीण हवेत एश्चेरिशिया कोलाय बंद खोलीतील हवेपेक्षा फार लवकर मरतो, तापमान व आर्द्रता समान असली तरीही. हीच हवा भांड्यात कोंडली की तिचा गुण नाहीसा होई. या अज्ञात गुणाला 'ओपन एअर फॅक्टर' असे नाव मिळाले. ओझोन व इंधनजन्य वायूंच्या संयोगातून तो निर्माण होत असावा असे पुढे मानले गेले. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या क्षयरोग आरोग्यधामांचा मोकळ्या हवेवर जो भर होता त्याला या शोधाने काही आधार मिळतो काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. कोविडच्या साथीत हे जुने निबंध पुन्हा वाचले गेले. ते लिहिले गेले होते मात्र शत्रूने सोडलेला जंतूंचा ढग किती मैल जिवंत राहील हे मोजण्यासाठी.

बीसीजी : वाहत्या वाणाला घातलेला बांध

आता पुन्हा आरोग्य केंद्रातील कुपीकडे वळू. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी १९०८ ते १९२१ या तेरा वर्षांत गोवंशीय क्षयजिवाणूची २३० उपसंवर्धने करून तो निवळवला. ही लस जिवंत होती. हेच तिचे बळ आणि हीच तिची अडचण. तिचा वाण जिवंत ठेवण्यासाठी दर काही आठवड्यांनी नव्या माध्यमावर उतरवून घ्यावा लागे. १९२० च्या दशकापासून हा वाण अनेक देशांत पाठवला गेला आणि प्रत्येक प्रयोगशाळेत तो स्वतंत्रपणे उतरवला जाऊ लागला. जिवंत संवर्ध हाताळण्यातील धोका १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक शहरात भयानक रीतीने प्रत्ययास आला. तेथे लसीत जहाल क्षयजिवाणूंची भेसळ होऊन सत्तराहून अधिक अर्भके दगावली. दोष बीसीजीचा नव्हता, एकाच प्रयोगशाळेत दोन्ही वाण हाताळण्याचा होता.

सतत उतरवून घेतल्याने वाण बदलत गेला. ज्ञानेश्वरी किंवा महाभारताची हस्तलिखिते नकलकारांच्या हातून जशी पाठभेदांनी भरत गेली, तसाच हा प्रकार होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखा लावल्या. मार्सेल बेहर आणि पीटर स्मॉल यांनी १९९९ मध्ये बीसीजीच्या वाणांची वंशावळ लावताना काहीशी तीच रीत अवलंबिली. कोणत्या देशाला वाण कोणत्या वर्षी मिळाला याच्या नोंदी आणि त्या वाणात जनुकद्रव्याचा कोणता भाग गळाला आहे, यांची त्यांनी सांगड घातली. पॅरिसमधील मूळ वाणातून 'आरडी-२' हा भाग १९२७ ते १९३१ या दरम्यान गळला, असे त्यातून अनुमान निघाले. त्यापूर्वी रशिया व जपानला गेलेल्या वाणांत तो शाबूत आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची बीसीजी लस मॉस्को वाणापासून तयार होते, म्हणजे ती या जुन्या शाखेतील आहे. येथे अर्काइव्हच्या नोंदी आणि रेणूंचा पुरावा एकमेकांना दुजोरा देतात. इतिहास आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे आपल्या महाविद्यालयांत एकाच इमारतीत असूनही एकमेकांशी न बोलणारे विभाग असतात, म्हणून हे उदाहरण थोडे विस्ताराने दिले.

या वाहत्या वाणाला बांध घातला तो शीतशुष्कनाने. पाश्चर संस्थेने १९६१ मध्ये, ११७३ व्या उपसंवर्धनानंतर, आपला वाण शीतशुष्क करून थांबवला. तो आज '११७३-पी२' म्हणून ओळखला जातो. १९६० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने मूळ बियाण्याच्या शीतशुष्क साठ्यापासूनच लस बनवावी ही पद्धत स्वीकारली. परंतु १९२१ चा मूळ बीसीजी तोवर कायमचा हरवला होता. तो कोणीही वाळवून ठेवला नव्हता.

उष्ण देशांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न होता तो वाहतुकीचा. द्रव बीसीजी थंडाव्यात ठेवूनही काही आठवडेच टिके. मद्रासजवळ गिंडी येथे १९४८ मध्ये बीसीजी लस प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून देशभर सामूहिक लसीकरणाची मोहीम राबवली गेली. राजाजींनी १९५५ मध्ये या मोहिमेला जाहीर विरोध केला, तेव्हा मोहिमेचा आधार अशी नाशवंत द्रव लस होती. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बर्फाच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या पथकांच्या हातातील लसीत किती जिवाणू जिवंत उरले आहेत हे टोचणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. जपानमध्ये शीतशुष्क बीसीजीचे काम आधीपासून चालू होते. योशिओ ओबायाशी यांचा 'ड्राइड बीसीजी व्हॅक्सिन' हा प्रबंध जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्येच प्रसिद्ध केला. जपानी पद्धतीत संरक्षक म्हणून सोडियम ग्लुटामेट वापरले जाई.

तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेल्या विशाल क्षेत्रचाचणीत पॅरिस व कोपनहेगन येथील वाणांच्या शीतशुष्क लसी वापरल्या गेल्या. फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळले नाही, हा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सर्वांनाच अनपेक्षित होता. द्रव लस वापरली असती तर 'लस मेलेली असावी' असे म्हणून हा निष्कर्ष झटकता आला असता. शीतशुष्क लसीने ती पळवाट बंद केली आणि संशोधकांना अन्यत्र, म्हणजे मातीपाण्यातील इतर मायकोबॅक्टेरियांच्या प्रभावाकडे, कारणे शोधावी लागली. अर्भकांतील क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहासारख्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी संरक्षण देते, म्हणून ती आजही जन्मतः टोचली जाते.

शिपाई केबलचा जिवाणू

लंडनमध्ये १९२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संवर्ध-संग्रहातील पहिल्या क्रमांकाचा जिवाणू, 'एनसीटीसी-१', हा आमांशाचा शिगेला फ्लेक्सनेरी आहे. तो अर्नेस्ट केबल या ब्रिटिश शिपायाच्या शरीरातून वेगळा करण्यात आला. केबल १३ मार्च १९१५ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील विमरो येथे आमांशाने मरण पावला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या गोळीबरोबरच खंदकांतील घाणीनेही सैनिक मारले. त्याच युद्धात आघाडीवर गेलेल्या मराठा पलटणींच्या नोंदींतही आमांशाचा उल्लेख शोधता येईल. फरक इतकाच की, त्यांचे जिवाणू कोणी जतन केले नाहीत.

केबलचा जिवाणू पुढे शीतशुष्क करून कुपीत बंद करण्यात आला. ब्रिटिश संशोधकांनी त्याचा जनुकसंच वाचून २०१४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी कुपी फोडावी लागली, हवा आत शिरली, पुडीत पोषक रस मिसळला आणि शंभर वर्षांपूर्वीचा तो वाण पुन्हा वाढू लागला. तपासणीत असे आढळले की, तो पेनिसिलिन व एरिथ्रोमायसिन या दोन्ही प्रतिजैविकांना दाद देत नाही. केबल मरण पावला तेव्हा पेनिसिलिनच्या शोधाला अद्याप तेरा वर्षे अवकाश होता.